पावसात उभा राहिलेला विजेता : गोल्फपटू पापवा सेवगोलम

ईदची नमाज अदा करून आपण त्र्यंबक रोडवरच्या शहाजहानी ईदगाहमधून बाहेर पडतो. गळाभेटी होतात, पोरं फुग्यांसाठी हट्ट धरतात आणि शेजारीच ते मोठे मैदान दिसते. कागदोपत्री त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिककर रिक्षावाल्याला आजही गोल्फ क्लब असेच सांगतात. सकाळी तिथे चालायला येणारे असतात, धावणारे असतात, क्रिकेटवाली मुलं असतात. रणजीचे सामनेही इथे झाले. गोल्फ खेळताना मात्र आम्ही तिथे कधी कुणाला पाहिले नाही.

मागच्या ईदनंतर आमच्या वर्गातल्या एका मुलाने हेच विचारले. गोल्फ म्हणजे नेमके काय आणि आपल्यासारखी माणसे तो खेळतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. इंग्रज साहेबांचा खेळ, ते गेले, नाव मागे राहिले. दुसऱ्या प्रश्नाला आम्ही तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते आज देत आहोत. आपल्यासारखा एक माणूस हा खेळ खेळला, नुसता खेळला नाही तर युरोपात जाऊन जिंकला. आणि स्वतःच्याच गावात जिंकल्यावर त्याला बक्षीस घ्यायला बाहेर पावसात उभे राहावे लागले. त्यांचे नाव पापवा सेवगोलम.

नावातच सगळी कहाणी

पापवा हे लाडाचे नाव. खरे नाव सेवशंकर सेवगोलम. जरा मोठ्याने म्हणून पाहा. सेवशंकर म्हणजे आपले शिवशंकर. आणि सेवगोलम? मॉरिशसचे रामगुलाम आडनाव आपण ऐकले आहे. तसेच हे शिवगुलाम. शिव हा एका घरचा शब्द आणि गुलाम हा आपल्या अरबी-उर्दूतला. दोन्ही शब्द एका आडनावात सुखाने नांदत होते आणि कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. समुद्रापलीकडच्या गोऱ्या कारकुनांनी आपल्या कानाला पटेल तसे ते वहीत उतरवले आणि शिवगुलामचे सेवगोलम झाले.

हे लोक तिकडे गेले कसे? दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात इंग्रजांचे उसाचे मळे होते. त्यांना स्वस्त मजूर हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ट्रुरो नावाचे जहाज मद्रासहून डरबनच्या बंदरात लागले. त्यात करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर होते. अॅग्रीमेंटचे गिरमिट झाले आणि हे लोक गिरमिटिया झाले. १९११ पर्यंत असे सुमारे दीड लाख लोक नाताळला गेले. त्यांच्या मागोमाग गुजरातचे मेमन आणि सुरती मुसलमान व्यापारी स्वतःच्या पैशाने गेले. गांधीजींना १८९३ मध्ये वकिलीच्या कामासाठी तिकडे बोलावणारी दादा अब्दुल्ला यांची पेढी याच व्यापाऱ्यांपैकी. आपल्या कोकणातली मुसलमान कुटुंबेही बोटीने केपटाऊनला गेली आणि तिथलीच झाली. म्हणजे ही गोष्ट दूरच्या देशाची असली तरी परक्या माणसांची नाही.

पापवांचा जन्म डरबनमधल्या अशाच एका गरीब गिरमिटिया कुटुंबातला. घरात खायची चणचण, शिक्षणाचा पत्ता नाही. त्यांना आयुष्यभर नीट लिहिता-वाचता आले नाही. आम्ही शिक्षक, म्हणून ही गोष्ट आम्हाला जास्त टोचते.

उलट्या हाताची पकड

गोल्फ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या हिरव्या माळावर १८ ठिकाणी जमिनीत छोटी भोके केलेली असतात. लांब काठीने चेंडू मारत मारत एकेका भोकात घालायचा. ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकला. मोठी स्पर्धा अशा चार फेऱ्यांची असते, म्हणजे ७२ भोके, आणि ती काही दिवस चालते. समोर गोलंदाज नाही, पळापळ नाही. नजर, मनगट आणि मनाचा ठाव एवढ्यावर सगळा खेळ. काठ्यांची जड पिशवी उचलून खेळाडूच्या मागे चालतो तो कॅडी.

डरबनच्या बीचवूड इथल्या गोऱ्यांच्या कोर्सवर पोरगा पापवा कॅडी झाला. साहेबाची पिशवी उचलायची, चेंडू शोधून द्यायचा, चार पैसे घरी न्यायचे. पण पोराची नजर चेंडूवर होती. झाडाच्या फांदीची काठी घेऊन तो अनवाणी पायांनी फटके मारत राहायचा. शिकवणारा उस्ताद कुणी नव्हता, म्हणून पकड चुकीची बसली. क्रिकेटची बॅट धरून पाहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा हात खाली असतो. गोल्फचेही तसेच. पापवाचे उलटे होते. उजवा हात वर, डावा खाली. कुठल्याही प्रशिक्षकाने पाहताक्षणी ती मोडून काढली असती. पण याच उलट्या पकडीने तो चेंडू असा सरळ आणि लांब पाठवायचा की बघणारे थक्क व्हायचे. पुढे या पकडीला त्याचेच नाव मिळाले.

पण खेळायचे कुठे? १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टीचे सरकार आले आणि वर्णभेद हा राज्याचा कायदा झाला. १९५० मध्ये प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद सुरू झाली. त्याच वर्षी ग्रुप एरियाज अॅक्ट आला. कुणी कुठे राहायचे, कुठे दुकान थाटायचे, हे कातडीच्या रंगावरून ठरू लागले. १९५३ च्या कायद्याने बाकडी, बसगाड्या, समुद्रकिनारे, संडास सगळे वेगळे केले. चांगली गोल्फ मैदाने अर्थातच गोऱ्यांची.

तरीही काळ्या, भारतीय आणि मिश्र वंशाच्या लोकांनी आपल्या स्पर्धा उभ्या केल्या. मैदाने खडबडीत, बक्षिसे तुटपुंजी, पण खेळ अस्सल. पापवा याच स्पर्धा जिंकत मोठे झाले. त्यांच्या काळात या स्पर्धांतले एक नावाजलेले खेळाडू होते केपटाऊनचे इस्माईल चौगले. हे आडनाव वाचून रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या वाचकांचे कान नक्कीच टवकारतील.

हॉलंडमध्ये विजेता, घरी परवानगीचा मोहताज

डरबनमध्ये ग्रॅहम वुल्फ नावाचे एक गोरे रसायनतज्ज्ञ राहत होते. जगभर खपलेल्या ऑइल ऑफ ओले या क्रीमचे ते जनक. गोल्फच्या मैदानावर त्यांनी पापवांचा खेळ पाहिला आणि हा माणूस पिशव्या उचलण्यासाठी जन्मलेला नाही, हे ओळखले. पासपोर्टसाठी खटपट करण्यापासून खर्चापर्यंत सगळे त्यांनी अंगावर घेतले. १९५९ मध्ये ते पापवांना आपल्या छोट्या विमानातून युरोपला घेऊन गेले. वुल्फ गोरे होते हे आम्ही मुद्दाम लिहितो. जुलूम करणाऱ्या जमातीतही जुलूम न पटणारी माणसे असतात. त्यांना ओळखणे आणि त्यांचे ऋण मानणे हाही इन्साफच आहे.

त्याच वर्षी पापवांनी डच ओपन स्पर्धा जिंकली. ज्याला आपल्या गावातल्या चांगल्या मैदानावर बरोबरीने खेळायची मुभा नव्हती, तो हॉलंडमध्ये पहिला आला. हा योगायोग नव्हता. १९६० मध्ये त्यांनी तीच स्पर्धा पुन्हा जिंकली आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा.

१९५९ मध्येच दुसऱ्या एका दक्षिण आफ्रिकन खेळाडूने ब्रिटिश ओपन जिंकली. ते गॅरी प्लेअर, गोरे, पुढे जगातल्या मोठ्या खेळाडूंमध्ये गणले गेलेले. एकाच देशाचे दोन पोरगे, एकाच वर्षी परदेशात यशस्वी. एकासाठी देशातले प्रत्येक मैदान उघडे होते. दुसऱ्याला प्रत्येक स्पर्धेआधी सरकार परवानगी देते की नाही याची वाट पाहावी लागायची. परवानगी मिळाली तरी ती फक्त खेळण्यापुरती. क्लबच्या इमारतीत पाऊल टाकायचे नाही, तिथे कपडे बदलायचे नाहीत, तिथले जेवायचे नाही.

१९६३ चा तो दिवस

जानेवारी १९६३. डरबन कंट्री क्लबवर नाताळ ओपन स्पर्धा होती. पापवांना खेळायची परवानगी मिळाली होती. बाकीचे खेळाडू फेरी संपल्यावर क्लबहाउसमध्ये बसत, पापवा बाहेर. असे असूनही त्यांनी स्पर्धा जिंकली. दक्षिण आफ्रिकेतली प्रांतिक ओपन स्पर्धा जिंकणारे ते पहिले बिगरगोरे खेळाडू ठरले.

बक्षीस द्यायची वेळ आली आणि पाऊस सुरू झाला. गोरे पाहुणे, पदाधिकारी, हरलेले खेळाडू क्लबहाउसच्या छपराखाली. त्यांना पेयांचे ग्लास नेऊन देणारे वेटर भारतीय. म्हणजे भारतीय माणूस ट्रे घेऊन आत जाऊ शकत होता, करंडक घ्यायला आत जाऊ शकत नव्हता. पापवांना बाहेरच करंडक देण्यात आला. भिजलेले कपडे, हातात करंडक, असे त्यांचे छायाचित्र जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले.

आपल्या महाराष्ट्राला हे चित्र अनोळखी नाही. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर खेळपट्टीची निगा राखणारे पळवणकर बाळू साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता हिंदुस्थानचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण चांभार समाजात जन्मले म्हणून पुण्यात त्यांच्याच संघातले सोबती चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा देत. तिकडे कातडी, इकडे जात. बाहेर ठेवण्याची रीत एकच.

एक गोष्ट मात्र वेगळी घडली. वर्णभेदी सरकार जगाला सांगत फिरत होते की आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात, फक्त वेगवेगळे. या एका छायाचित्राने त्या प्रचाराची हवा काढली. पापवांनी त्या दिवशी भाषण केले नाही, घोषणा दिली नाही. ते राजकारणी नव्हतेच. त्यांना फक्त खेळायचे होते. तरी पाहणाऱ्याला जे कळायचे ते कळले. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकन ओपनमध्ये अवघ्या एका फटक्याने दुसरे आले आणि ब्रिटिश ओपनमध्ये १३ व्या स्थानावर राहिले.

जिंकला म्हणून शिक्षा

१९६५ मध्ये पापवांनी नाताळ ओपन पुन्हा जिंकली. या वेळी मागे टाकले ते खुद्द गॅरी प्लेअर यांना. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंपैकी एकाला एका माजी कॅडीने, उलट्या पकडीच्या अनवाणी पोराने हरवले होते.

एखाद्या शहाण्या सरकारने या माणसाला डोक्यावर घेतले असते. इथे उलटे झाले. गोरी माणसे जन्मतः वरचढ आहेत या समजावर ज्यांचे राज्य उभे होते, त्यांना हा निकाल परवडणारा नव्हता. १९६५ मध्येच ग्रुप एरियाज अॅक्टखाली नवे फर्मान निघाले आणि मिश्र खेळांवरचा फास आवळला गेला. पुढच्या वर्षापासून पापवांना गोऱ्यांच्या स्पर्धांची परवानगी नाकारली जाऊ लागली. एवढ्यावर भागले नाही. प्रेक्षक म्हणून आत जाऊन बघायलाही बंदी झाली. पुढे परदेशी जाण्याचा मार्गही बंद झाला. ऐन उमेदीत, हात तयार असताना, त्यांचा खेळ सरकारी कागदाने थांबवला.

तेव्हाच्या गॅरी प्लेअर यांनी १९६६ मध्ये आपल्या पुस्तकात वर्णभेदी धोरणाची बाजू घेतली होती. पुढे त्यांनी ती भूमिका सोडली, आणि १९७१ मध्ये अमेरिकेचे कृष्णवर्णीय गोल्फपटू ली एल्डर यांना दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावले. माणूस बदलू शकतो, हेही नोंदवायला हवे. पण पापवांची गेलेली वर्षे त्याने परत येणार नव्हती.

इकडे जग मात्र जागे होत होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधून दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवले गेले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सगळ्या देशांना त्यांच्याशी खेळाचे संबंध तोडायला सांगितले आणि १९७० मध्ये ऑलिंपिक समितीने त्यांना काढूनच टाकले. आपल्या देशाची भूमिका तर अभिमानाने सांगण्यासारखी. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात आपली गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली, तेव्हा भारताने सामना खेळायलाच नकार दिला. करंडक हातचा गेला, पण इज्जत राहिली. या साऱ्या बहिष्कारामागे अनेक लोकांचे कष्ट होते, तुरुंगवास होते, जीव गेले होते. त्यात डरबनच्या पावसातल्या त्या छायाचित्राचाही वाटा होता.

पापवांचे शेवटचे दिवस तंगीत गेले. १९७८ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले १९९४ मध्ये. तो दिवस पापवांना दिसला नाही. नंतर त्यांच्या देशाने त्यांचा मरणोत्तर गौरव केला आणि डरबनमधल्या एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला त्यांचे नाव आहे. ज्या शहरात त्यांना छपराखाली घेतले नाही, तिथे आता कुणीही त्यांच्या नावाच्या मैदानावर जाऊ शकतो.

आपण यातून काय घ्यायचे?

आमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न पुन्हा आठवतो. आपल्यासारखी माणसे हा खेळ खेळतात का? या प्रश्नात मुलाची एक भीती लपलेली होती. काही दरवाजे आपल्यासाठी नसतातच, हे त्याने इतक्या लहान वयात धरून टाकले आहे. त्याला दोष कसा द्यायचा? काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. फोनवर सगळे ठरले, भाडे ठरले, अनामत ठरली. नाव सांगितले आणि घर अचानक दिले गेलेले निघाले. तिथे कुठला कायदा नव्हता, पाटी नव्हती. आपल्या देशाची राज्यघटना तर आपल्या बाजूची आहे, हा पापवांच्या आणि आपल्या परिस्थितीतला फार मोठा फरक आहे आणि तो विसरणे नाशुक्री ठरेल. तरी दाराबाहेर उभे राहणे कसे वाटते, ते आपल्या अनेक घरांना ठाऊक आहे.

म्हणून मेहनत कर, सगळे दरवाजे उघडतील, एवढेच मुलांना सांगणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. पापवांनी मेहनत केली, जिंकले, आणि जिंकले म्हणूनच दार बंद झाले. मुलांना अर्धे सत्य सांगितले तर पहिल्याच ठोकरीत ती मोडतात. पूर्ण सत्य असे की हुनर आपल्या हातात आहे, तो कमवायचाच. दार उघडणे कधी कधी आपल्या एकट्याच्या हातात नसते, त्यासाठी कायदा, संघटना आणि भल्या माणसांची सोबत लागते. आणि अन्याय झाला तरी आपला खेळ सोडायचा नाही. भिजलेल्या पापवांच्या हातात करंडक होता म्हणूनच जगाने त्यांच्याकडे पाहिले. रिकाम्या हाताने तर तिथे रोज कितीतरी लोक बाहेर उभे होते.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. आपण स्वतः कुणाला बाहेर उभे करतो? मशिदीत खांद्याला खांदा लावून एका सफेत उभे राहणारे आपण, लग्नाचा विषय निघाला की बिरादरी विचारतो. काही धंद्यांच्या लोकांना आपल्यातच हलके मानतो. घरकामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. बिलाल रजि. यांना काबागृहाच्या छतावर अजान द्यायला उभे करणाऱ्या पैगंबरांची आपण उम्मत. दुसऱ्याने आपल्याला आत घ्यावे असे वाटत असेल, तर आपले दार आधी तपासायला हवे.

येत्या ईदला ईदगाहमधून बाहेर पडाल तेव्हा मुलांना शेजारचे ते मैदान दाखवा. त्याला गोल्फ क्लब का म्हणतात ते सांगा. आणि पापवा सेवगोलम नावाच्या माणसाची गोष्टही सांगा, जो पिशव्या उचलता उचलता विजेता झाला आणि पावसात उभा राहूनही ज्याने आपला करंडक घट्ट धरून ठेवला. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला आम्ही हाच लेख वाचून दाखवणार आहोत. हो बेटा, आपल्यासारखी माणसे खेळतात.